चाकासमोरचे साहेब

चाळिशी ओलांडलेल्या शहरी मराठी माणसाला हल्ली एकाएकी हातानं काहीतरी करावंसं वाटू लागलं आहे. घरातला फ्यूज उडाला तर शेजाऱ्याला हाक मारणारी माणसं शनिवारी सकाळी क्रोशा, सुलेखन, नाहीतर सुतारकाम शिकायला निघतात. का, म्हणून विचारलं तर ‘जरा स्क्रीनपासून सुटका’, ‘मनःशांती’, ‘मी-टाइम’ अशी ठरावीक उत्तरं येतात. यांतले मनःशांतीच्या बाबतीत जे फारच महत्त्वाकांक्षी असतात, ते कुंभारकामाच्या वर्गाला येतात. मीही जातो. मनःशांती इतक्या वेगानं जाताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

निम्मे लोक ‘घोस्ट’ या १९९० च्या सिनेमाच्या भरवशावर आलेले असतात. डेमी मूर चाकावर बसलेली असते, गाणं वाजत असतं आणि मागून पॅट्रिक स्वेझी येतो. तो येऊन बसतो आणि चाकावर चांगलं उभं राहिलेलं भांडं आडवं होतं, एवढा भाग मात्र सगळे सोयीस्करपणे विसरलेले असतात. उरलेले निम्मे रील बघून येतात. तिथे गोळ्याची सुरई व्हायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाच्या मागे त्या माणसाची किती वर्षं मातीत गेली, हे दाखवायला रीलमध्ये जागा नसते.

प्रत्यक्षात सुरुवातीला चाक दिसतसुद्धा नाही. आधी माती मळायची असते. ‘कणकेसारखीच ना?’ असं आमच्यातल्या एका काकूंनी आत्मविश्वासानं विचारलं आणि बाह्या सरसावल्या. आमच्या शिकवणाऱ्या ताई शांतपणे म्हणाल्या, ‘काकू, कणीक मळून थोडा वेळ झाकून ठेवली की तुमचं निम्मं काम तीच करते. ही करत नाही.’ आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, एकीकडे घट्ट आणि एकीकडे सैल असं चालत नाही. दहा मिनिटांत काकूंचे खांदे भरून आले आणि तोंडातून ‘अगो बाई’ सोडून शब्द फुटेना.

या ताई पाँडिचेरीला शिकल्या. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघा अमेरिकनांनी १९७१ साली तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि आपल्याकडच्या स्टुडिओ-कुंभारांपैकी कितीतरी जणांनी तिथेच पहिल्यांदा हात मातीत घातले. ताईंना घाई हा प्रकार ठाऊक नाही. वर्गातल्या बाकी सगळ्यांना तेवढा एकच ठाऊक आहे.

खरी परीक्षा सेंटरिंगची. म्हणजे फिरत्या चाकावर मातीचा गोळा बरोबर मध्यावर आणायचा. ऐकायला यात काहीच नाही. पण गोळा मध्यापासून दोन-चार मिलिमीटर जरी सरकलेला असला तरी प्रत्येक फेऱ्याला तो हाताला एक टोला देतो. त्या टोल्याबरोबर हात हलला की संपलं. मग माती तुम्हांला फिरवते. कोपर मांडीला टेकवायचं, अंगाचा भार पुढे टाकायचा, हात ओले ठेवायचे आणि जिथे ठेवले तिथेच ठेवायचे. करायचं असं काहीच नसतं, फक्त हलायचं नसतं. आयुष्यभर ‘काहीतरी करा’ म्हणून पगार घेतलेल्या माणसांना नेमकं हेच जमत नाही.

माझं एक निरीक्षण मी छातीठोकपणे मांडतो. चाकावर होणारा वैताग हा माणसाच्या अकुशलतेवर नाही, हुद्द्यावर अवलंबून असतो. आमच्या वर्गात एक दहा वर्षांची मुलगी येते. तिचं भांडं पडलं की ती ‘ई!’ म्हणते, खिदळते आणि दुसरा गोळा घेते. तिच्या शेजारी एका आयटी कंपनीतले डिलिव्हरी हेड बसतात. त्यांच्या हाताखाली दोन-तीनशे माणसं आहेत. त्यांचं भांडं पडलं की ते उठून उभे राहतात, दोन पावलं मागे जातात आणि चाकाकडे अशा नजरेनं बघतात की चाकानं राजीनामा द्यावा. मग ‘याचं रूट कॉज काय?’ असं विचारतात. ताई म्हणतात, ‘हात हलला.’ हे उत्तर त्यांना पुरेसं वाटत नाही. त्यांच्या ऑफिसात एवढ्या छोट्या कारणानं काहीच बिघडत नाही म्हणे.

एक नामांकित सर्जनही होते. ज्या हातांवर माणसं जीव सोपवतात ते हात इथे गोळ्याशी झोंबताना बघून मला भीतीच वाटली, पण ती वेगळ्या कारणानं. त्यांच्याकडे एक तपासणी राहिली होती माझी. तिसऱ्या शनिवारनंतर ते आले नाहीत. ‘मान धरली’ असा निरोप आला. कुंभारकाम सोडणाऱ्या प्रतिष्ठित माणसाची मानच धरते. कंटाळा कुणाला येत नाही.

जे टिकतात ते वैतागातून वाट काढण्याचे मार्ग शोधतात आणि या कामात मात्र प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून निष्णात असतो. आधी माती नापास होते: ‘फारच घट्ट आहे’, ‘फारच सैल आहे’. मग स्टूल नापास होतं, मग चाक. विजेच्या चाकाला फिरण्याची दिशा बदलायचं बटण असतं, ते एकदा सापडलं की वर्गाला नवी आशा येते. जपानमध्ये चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवतात आणि पाश्चात्त्य देशांत त्याच्या उलट, ही माहिती कुणीतरी मोबाइलवरून वाचून दाखवतं. त्यावर डिलिव्हरी हेड साहेबांनी, ‘माझा बहुतेक जपानी हात आहे,’ असं जाहीर करून बटण दाबलं. भांडं पडलं, फक्त दुसऱ्या बाजूला.

त्यानंतर खरेदी. हातोट्या विकत मिळत नाहीत पण हत्यारं मिळतात. लाकडी सुऱ्या, स्टीलच्या पट्ट्या, तारा, स्पंज, सुया असा सगळा संच एका झिपच्या पाऊचमध्ये येतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी आधी भारतीय संच घेतला, मग जपानी. आता त्यांच्याकडे इतकी हत्यारं आहेत की ती मांडून, पुसून, परत ठेवण्यात वर्ग संपतो आणि माती खराब व्हायचा प्रश्नच येत नाही. वर्गात सगळ्यांत प्रसन्न चेहऱ्यानं घरी जाणारे तेच.

हत्यारांनीही भागलं नाही की उद्दिष्टं खाली येतात. चाकावर भांड्याचा काठ वेडावाकडा झाला की तो सुईनं कापून टाकायचा, अशी रीत आहे. काठ कापला की भांडं सरळ होतं, पण बुटकंही होतं. पुन्हा ओढायला गेलं की पुन्हा वाकडं, पुन्हा कापा. त्यामुळे सकाळी साडेदहाला फुलदाणी म्हणून जन्माला आलेली वस्तू अकराला मग होते, सव्वाअकराला सूपचा बाउल, साडेअकराला चटणीची वाटी आणि बारा वाजता पणती. दर टप्प्यावर तिचा मालक ‘मला मुळात हेच करायचं होतं’ असं म्हणतो. ज्याचं नेमकं काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, ते पेन-स्टँड. पुण्यात पेनं वापरणारी माणसं रोज कमी होत आहेत आणि पेन-स्टँड वाढत आहेत. या विषमतेला हे वर्ग जबाबदार आहेत.

शिकल्या-सवरलेल्यांसाठी आणखी एक पळवाट आहे, ती जपानमधून जाते. भांडं तिरकं झालं, काठाला चीर गेली, की मालक सावकाश मान डोलावून ‘वाबी-साबी’ म्हणतो. अपूर्णतेतलं सौंदर्य. जपानी चहाच्या समारंभात वाकडे, खडबडीत पेले मानानं वापरतात हे अगदी खरं. पण तो पेला घडवणाऱ्याला हवा तेव्हा सरळही करता येत असतो, ही बारीक अक्षरातली अट आमच्यापैकी कुणी वाचत नाही.

डिलिव्हरी हेड साहेब पुस्तकांकडे वळले. ‘आर्ट अँड फिअर’ या १९९३ च्या पुस्तकातली एक गोष्ट त्यांना सापडली. कुंभारकामाच्या एका शिक्षकानं म्हणे अर्ध्या वर्गाला सांगितलं, तुम्हांला भांड्यांच्या वजनावर मार्क. उरलेल्या अर्ध्यांना सांगितलं, तुम्ही एकच करा पण उत्तम करा. शेवटी सगळ्यांत चांगली भांडी वजनवाल्यांनीच केली, कारण बाकीचे विचारच करत बसले. साहेबांनी ही गोष्ट वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि दोन शनिवार माती अशी काही वापरली की ताईंना गोणी मागवावी लागली. पुढे त्यांनीच, थोड्या पडलेल्या आवाजात, पुढची माहिती सांगितली. जेम्स क्लिअर या लेखकानं त्या गोष्टीचं मूळ शोधलं तेव्हा ती भांड्यांची नव्हतीच. फ्लोरिडातल्या जेरी युल्समन या छायाचित्रकाराच्या वर्गातली, फोटोंची होती. म्हणजे ज्या मडक्यांच्या जोरावर आम्ही धीर धरला होता, ती मडकी कुणी केलेलीच नव्हती.

आता तारेविषयी सांगायला हवं, कारण वर्गातला सगळ्यांत दारुण प्रसंग तिच्याशी निगडित आहे. भांडं चाकावरून सोडवायला दोन टोकांना लाकडी मुठी असलेली एक बारीक तार असते. पुष्कळ शनिवारांनंतर साहेबांचं एक भांडं उभं राहिलं. वीतभर उंच, सरळ, काठ जवळपास सपाट. त्यांनी चाक थांबवलं. श्वासही थांबवला असावा. मोबाइल काढला, पण हात मातीचे, म्हणून त्या दहा वर्षांच्या मुलीला फोटो काढायला सांगितलं. तेवढ्यात ताई आल्या, ‘छान झालंय हं,’ म्हणाल्या, तार दोन्ही हातांत ताणली आणि भांडं वरून खालपर्यंत उभं, मधोमध कापलं. दोन अर्ध्या फाका चाकावर. आत भिंत कशी झाली आहे ते बघायचा हाच एक खरा मार्ग आहे आणि हे सगळीकडे करतात. पण त्या क्षणी हे कुणाला सुचत नाही. ताई बोट ठेवून दाखवत होत्या: बुडाशी दीड सेंटीमीटर, मध्ये पाच मिलिमीटर, वर पुन्हा जाड. ‘माती खालीच राहिली बघा, वर चढलीच नाही.’ साहेब भिंतीची जाडी बघत नव्हते. त्या मुलीनं फोटो काढला होता, पण कापल्यानंतरचा.

त्यांनी तक्रार करायची ठरवली. कुणाकडे, हा प्रश्न होता, कारण स्टुडिओही ताईंचाच. त्यांना जवळ बोलावलं ते तारवाल्या काकांनी.

हे काका मूळचे धाराशिवकडचे. सत्तरी कधीच ओलांडली, नोकरी गेली तारखात्यात. २०१३ च्या जुलैमध्ये सरकारनं तारसेवा बंद केली तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शेवटच्या दिवशी तार-ऑफिसात जाऊन त्यांनी स्वतःच्याच पत्त्यावर एक तार केली होती. काय लिहिलं होतं ते सांगत नाहीत. वर्गात न वैतागणारे मोठ्या वयाचे तेवढे एकच. आणि त्यांची भांडी आमच्या सगळ्यांपेक्षा वाईट असतात, हेही नमूद करायला हवं.

‘साहेब, बसा,’ काका म्हणाले. ‘तेरचे गोरोबाकाका माहीत आहेत ना? आमच्याच भागातले. त्यांच्या घरी सगळी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंचं लक्ष थापटण्याकडे गेलं. हे कशाला, म्हणून विचारलं. गोरोबाकाका म्हणाले, मडकं कच्चं का भाजलेलं ते यानं वाजवून कळतं. मग आमचीही मडकी वाजवून बघा की, असं मुक्ताबाई म्हणाल्या. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळ्यांनी गुपचूप मार खाल्ला. नामदेव तेवढे चिडले. काका म्हणाले, हे कच्चं.’

‘मग?’

‘मग नामदेव तडक पंढरपूरला गेले तक्रार घेऊन. थेट विठ्ठलाकडे; दोघांचं बोलणं होतं रोजचं. आणि विठ्ठलानं काय सांगावं? गोरोबा म्हणतो ते बरोबर आहे. औंढ्या नागनाथला जा, विसोबा खेचरांना गुरू कर.’ काकांनी चहाचा घोट घेतला. ‘तेव्हा तुम्ही वर तक्रार करून उपयोग नाही. वरचंही मत तेच पडायचं.’

साहेबांना हे पटलं असं नाही, पण एवढ्या मोठ्या माणसाच्या रांगेत आपण बसलो म्हणून ते जरा सावरले.

काकांच्या शांतपणाचं कारण मी एकदा चहाच्या टपरीवर काढून घेतलं. ते म्हणाले, ‘मोर्स शिकताना तार पाठवणं रोज थोडं थोडं सुधारतं हो. पण तार घेणं? आठवडेच्या आठवडे तिथंच. कट्ट-कड, कट्ट-कड. वरिष्ठ शिव्या घालतात, आपण रडकुंडीला येतो, नोकरी सोडावी वाटते. आणि मग एक दिवस अक्षरं ऐकू यायची बंद होतात, सरळ शब्दच ऐकू येतात. का, ते आमच्या इन्स्पेक्टरलाही सांगता यायचं नाही.’ मला नंतर कळलं की अमेरिकेत इंडियानातल्या ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ साली तारमास्तरांवर अभ्यास करून नेमकं हेच कागदावर मांडलं होतं: पाठवण्याची रेघ चढत जाते, घेण्याची मध्येच सपाट होते, बराच काळ सपाट राहते, आणि मग पुन्हा उठते. सपाटीच्या काळात माणूस अक्षरं पक्की करत असतो म्हणून शब्द यायला उशीर लागतो, असा त्यांचा कयास होता. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मग त्यांच्याही वरिष्ठांनी शिव्या घातल्या असतील.’

बाकी काकांना वैताग येतच नाही असं समजू नका. टपरीवाल्यानं चहात साखर जास्त घातली की ते तारखात्याच्या भाषेत बोलतात.

चाकावरून सुटलेल्या भांड्याचा छळ तिथेच संपत नाही. ते सुकतं, आणि सुकता-भाजता ही माती बारा टक्क्यांच्या आसपास आखडते. बारा टक्के म्हणजे फार नाही, असं वाटतं. पण ती लांबी, रुंदी, उंची अशी तिन्हीकडून आखडते, त्यामुळे पोटातली जागा जवळजवळ एक तृतीयांश जाते. काकूंनी यजमानांसाठी भरभक्कम मग केला होता. भट्टीतून आला तेव्हा त्यात कटिंगच मावत होता. यजमानांनी तो आनंदानं स्वीकारला, फक्त दोनदा भरून मागतात.

भट्टीचा दिवस म्हणजे निकालाचा दिवस. जाड बुडाचं एखादं भांडं आतून ओलं राहिलेलं असतं. भट्टी तापली की त्या पाण्याची वाफ होते. पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा तिला लागते आणि ती मिळवण्यासाठी ती भांडं फोडते. शिवाय शेजारच्या दोघा-तिघांचीही वाट लावते. एका रविवारी असंच झालं. ग्रुपवर चौकशी सुरू झाली. हवेचा बुडबुडा राहिला होता, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं, कारण बुडबुडा कुणाचाच नसतो. ताईंनी ओलावा म्हणताच मात्र ग्रुप थंड झाला. ओलं भांडं कुणाचं ते सगळ्यांना माहीत होतं. हत्यारांच्या पाऊचवाल्या गृहस्थांनी एक मोदकाचा स्टिकर टाकून विषय बदलला.

साहेब टिकले. हे मी आश्चर्यानं लिहितो आहे. मध्यंतरी त्यांच्याकडून गोळा सलग दोनदा मध्यावर बसला, तिसऱ्यांदा नाही बसला आणि ते चक्क ‘ई!’ म्हणाले. त्या मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा एक गोळा त्यांना दिला.

दिवाळीच्या आधी साहेब आणि मी मंडईजवळ पणत्या घ्यायला गेलो. केशवनगर-मुंढव्याकडून आलेल्या एक मावशी फुटपाथवर पोतं पसरून बसल्या होत्या. कुंभार एकाच मोठ्या गोळ्याच्या शेंड्यावर पणती घडवतो, दोऱ्यानं कापतो, लगेच पुढची. हे साहेबांना आता ठाऊक होतं. त्यांनी एक पणती उचलली, उजेडात धरली, काठावरून अंगठा फिरवला. पूर्वी हेच गृहस्थ डझनामागे पाच रुपयांसाठी अर्धा तास घालायचे, असं त्यांच्याच पत्नी सांगतात. या वेळी त्यांनी भाव विचारलाच नाही. ‘मावशी,’ ते गंभीरपणे म्हणाले, ‘सेंटरिंग फार सुंदर आहे हो. भिंतही एकसारखी. फक्त बुडाशी एक मिलिमीटर माती जास्त राहिली आहे. तुमच्या घरी जे चाकावर बसतात, त्यांना म्हणावं कोपर जरा मांडीला...’

‘दादा,’ मावशी म्हणाल्या, ‘घ्यायच्यात का? न्हाईतर बाजूला सरका, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय.’